दुसऱ्या विभागातले शहर: भूकंपाचा धोका, जोखीम आणि हानी यांचा हिशेब

बेंगळुरूत घर घेऊ पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास सांगितली जाते: या शहराला भूकंपाची भीती नाही. आधार असतो तो भारताच्या भूकंपप्रवण विभागांच्या 2002 सालच्या नकाशाचा. त्या नकाशात बेंगळुरू दुसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या विभागात येते. बेळ्ळंदूरचेच पाहा. एका पिढीपूर्वी तळ्याकाठचे गाव आणि भोवतीची शेती एवढीच या जागेची ओळख होती. आज इथे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, पंधरा-वीस मजली गृहसंकुले आणि गल्लीबोळांत दाटलेली पीजी वसतिगृहे आहेत. नकाशातल्या त्या एका आकड्यावर भिस्त ठेवून इथल्या लोकांनी आयुष्यभराची कमाई सिमेंटमध्ये ओतली आहे.

तो आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही? विस्तीर्ण प्रदेशाचा भूकंपधोका कसा मोजतात, त्यातून जोखीम कशी काढतात, हानीचे अंदाज कितपत विश्वासाचे असतात, आणि या सगळ्यात आपण कुठे कमी पडतो, याचा हा आढावा आहे. उदाहरणे मुख्यतः कोयना, किल्लारी, भूज आणि बेंगळुरूची घेतली आहेत. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांना लागू पडणारे धडे तिथेच मिळतात.

तीन वेगळे हिशेब

धोका, जोखीम आणि हानी हे तीन शब्द बातम्यांत सरमिसळ करून वापरले जातात. शास्त्रात हे तीन वेगळे हिशेब आहेत. धोका म्हणजे एखाद्या जागी ठरावीक काळात जमीन किती जोराने हलू शकते याचा अंदाज. त्यात माणूस नाही की घर नाही. ओसाड माळरानाचाही धोका काढता येतो. जोखीम काढायची तर त्या जागी किती माणसे, किती इमारती आहेत आणि त्या इमारती किती कच्च्या आहेत हे धोक्याच्या जोडीला मांडावे लागते. हानी म्हणजे प्रत्यक्षात झालेले, किंवा एखादा भूकंप झालाच तर होऊ शकेल असे नुकसान: मृत्यू, जखमी, पडलेली घरे, बुडालेला रोजगार आणि पुन्हा उभारणीचा खर्च.

या तिन्हींत किती अंतर पडू शकते हे दोन भूकंप शेजारी ठेवले की दिसते. 17 ऑक्टोबर 1989 रोजी कॅलिफोर्नियातल्या लोमा प्रिएटाला 6.9 महत्तेचा भूकंप झाला. सॅन फ्रान्सिस्कोसारखे महानगर जवळ असूनही 63 माणसे गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला 6.2 महत्तेचा भूकंप झाला. त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा लोमा प्रिएटाच्या जेमतेम एक दशांश होती. मृतांचे आकडे मात्र वेगवेगळ्या अहवालांत 7,928 पासून 9,748 पर्यंत आहेत. धोक्याच्या नकाशावर कॅलिफोर्निया लालभडक होता आणि लातूर-धाराशिव हा देशातल्या सर्वांत निर्धोक पट्ट्यांपैकी एक मानला जात होता.

वेळेचाही हिशेब असतो. कोयना आणि किल्लारी हे दोन्ही भूकंप पहाटे झाले, माणसे घरात झोपलेली असताना. किल्लारीत तर आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते. उलट नेपाळचा 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी दुपारच्या सुमारास झाला. शाळांना सुट्टी होती आणि गावकरी शेतात होते. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्या रिकाम्या होत्या. बेळ्ळंदूरमध्ये दुपारी तीनला माणसे कार्यालयांत असतात आणि पहाटे तीनला पीजीच्या खोल्यांत. त्यामुळे इथली जोखीम एका आकड्यात मावत नाही. ती दिवसातून दोनदा जागा बदलते.

नकाशा नेहमी मागून आला

भारतीय मानक संस्थेची भूकंपरोधक बांधकामाची संहिता, आयएस 1893, पहिल्यांदा 1962 साली निघाली. देश विभागांत वाटणारा नकाशा तिच्यासोबत आला. त्याची आखणी प्रामुख्याने आधी झालेल्या भूकंपांच्या नोंदींवरून होती. जिथे मोठा भूकंप झाल्याची नोंद, तिथे वरचा विभाग. नोंद नाही तिथे खालचा. हिमालय, आसाम, कच्छ ही नावे वर आली आणि दख्खनचे पठार निर्धोक ठरले.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले. भूकंपाची महत्ता 6.3 होती. सुमारे 180 ते 200 माणसे दगावली आणि कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली. कोयना धरणाच्या अंतर्भागातल्या दालनात बसवलेल्या यंत्राने जमिनीचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या 63 टक्क्यांपर्यंत गेल्याचे नोंदवले. 103 मीटर उंचीच्या या धरणाच्या आरेखनात भूकंपाचे आडवे बल वजनाच्या 5 टक्के एवढेच धरले होते. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत, तरीही त्यांच्यातली दरी बोलकी आहे. धरणाच्या वरच्या भागात, जिथे मागचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. धरण टिकले आणि नंतर त्याला टेकू देऊन ते बळकट करण्यात आले. जलाशय भरू लागल्यापासूनच त्या भागात हादरे सुरू झाले होते. त्यामुळे जलाशयामुळे चेतवलेल्या भूकंपांचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून जगभरातल्या अभ्यासात कोयनेचे नाव गेले. 1970 साली नकाशा बदलला आणि कोयना चौथ्या विभागात गेली.

किल्लारीच्या बाबतीत तेच पुन्हा घडले. 1970 आणि 1984 च्या नकाशांत हा भाग पहिल्या, म्हणजे तळाच्या विभागात होता. 1992 साली किल्लारी परिसराला हादऱ्यांची मालिका जाणवली होती आणि त्या ऑक्टोबरमधला एक हादरा 4 महत्तेच्या आसपासचा होता. पुढच्या वर्षी 52 गावे जवळपास जमीनदोस्त झाली. मग 2002 च्या आवृत्तीत पहिला विभाग रद्द झाला, लातूर-धाराशिवचा पट्टा तिसऱ्यात गेला आणि देशाला दुसरा ते पाचवा असे चारच विभाग उरले.

दोन्ही वेळा नकाशा माणसे मेल्यावर दुरुस्त झाला. यात नकाशा काढणाऱ्यांचा निष्काळजीपणा शोधण्यापेक्षा पद्धतीची मर्यादा समजून घ्यावी. हिमालयात भूपट्ट वेगाने एकमेकांवर रेटले जातात आणि ताण काही शतकांत साठतो, म्हणून चार-पाचशे वर्षांच्या नोंदींतून तिथले चित्र बरेचसे उमटते. द्वीपकल्पात ताण फार हळू साठतो. एकाच भेगेवर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात आणि आपल्या भरवशाच्या नोंदी जेमतेम दोन-तीनशे वर्षांच्या आहेत. एवढ्या काळात एखाद्या जागी काहीच घडले नसेल, तर त्यावरून ती जागा सुरक्षित आहे असा निष्कर्ष निघत नाही.

धोका मोजण्याच्या दोन रीती

या मर्यादेवर तोड म्हणून शास्त्राने दोन वाटा काढल्या. पहिलीत जागेभोवतीच्या ज्ञात भेगा आणि भ्रंशरेषा घेऊन प्रत्येकीवर शक्य असलेला सर्वांत मोठा भूकंप कल्पितात आणि त्यातल्या सर्वांत वाईट हादऱ्याचा आकडा धरतात. धरण, अणुभट्टी अशा एकेका महत्त्वाच्या बांधकामाला ही रीत सोयीची आहे.

दुसरी रीत संभाव्यतेची. अ‍ॅलिन कॉर्नेल या अभियंत्याने 1968 साली तिची मांडणी केली. प्रदेशातले सर्व भूकंपस्रोत, प्रत्येकावर लहान-मोठे भूकंप किती वेळा होतात याचे प्रमाण, आणि अंतरानुसार हादरा कसा क्षीण होतो याची सूत्रे एकत्र करून ती एक वाक्य देते: या जागी पुढच्या 50 वर्षांत इतक्या जोराचा हादरा ओलांडला जाण्याची शक्यता 10 टक्के आहे. यालाच 475 वर्षांचा पुनरावृत्तिकाल म्हणतात. हा आकडा ऐकून माणसे निर्धास्त होतात, आणि ते चूक आहे. असा हादरा म्हणजे 475 वर्षांनी एकदा येणारा पाहुणा नव्हे; दर वर्षी त्याची शक्यता सारखीच असते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तसा हादरा बसण्याची शक्यता सुमारे 4 टक्के निघते. घराला आग लागण्याच्या भीतीने विमा उतरवणाऱ्या माणसाने हा आकडा दुर्लक्षू नये.

1990 च्या दशकात जागतिक भूकंपधोका मूल्यमापन कार्यक्रमाने साऱ्या जगाचा असा नकाशा काढला. पुढे इटलीतल्या पाव्हिया येथील ‘जेम’ या प्रतिष्ठानने ओपनक्वेक ही मुक्त संगणकप्रणाली तयार केली आणि 2018 साली जगाचे धोक्याचे व जोखमीचे नकाशे खुले केले. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी आर. एन. अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने 2010 च्या सुमारास देशाचा संभाव्यताधारित नकाशा तयार केला. अय्यंगार हे बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केलेले अभियंते.

या रीतीने पठाराचा प्रश्न सुटतो का? अंशतः सुटतो. ज्या भेगेचा पत्ताच नाही तिला हिशेबात कसे घ्यायचे, याचे उत्तर म्हणून विस्तीर्ण क्षेत्रभर समान शक्यता पसरून ठेवतात. त्याने एखादे गाव ‘शून्य धोका’ या रकान्यात पडत नाही, एवढा फायदा होतो. पुढची किल्लारी कुठे, हे मात्र ती रीत सांगत नाही. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून हादऱ्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा हीच अडचण आली. अशा बहुतेक मालिका मोठ्या भूकंपाविना विरतात, पण किल्लारीच्या आधीही अशी मालिका होती. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोली परिसराला साडेचारच्या आसपास महत्तेचे हादरे बसले. अशा प्रत्येक वेळी लोकांनी घाबरून विचारलेला प्रश्न रास्त असतो, आणि ‘पुढे काय होईल ते सांगता येत नाही’ हे शास्त्रज्ञांचे उत्तरही प्रामाणिक असते.

बेंगळुरूच्या भोवतीची नोंद पाहू. 8 फेब्रुवारी 1900 रोजी कोइमतूरजवळ 6 च्या आसपास महत्तेचा भूकंप झाला, तो या शहरालाही जाणवला. भूजच्या भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, 29 जानेवारी 2001 रोजी, मंड्या भागात 4.3 महत्तेचा हादरा बसला आणि बेंगळुरूत लोक रस्त्यावर आले. डिसेंबर 2021 मध्ये चिक्कबळ्ळापूरला छोटे हादरे झाले. लालबागेतल्या टेकडीचा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा आहे, आणि एवढा जुना खडक हलायचा नाही अशी समजूत आहे. जुना, थंड, सलग खडक भूकंपलहरी चांगल्या वाहून नेतो, त्यामुळे अशा प्रदेशात हादरा दूरवर पोचतो. ही बाजूही त्या समजुतीच्या शेजारी मांडायला हवी.

पायाखालची जमीन

खडकावरचा हादरा आणि घराखालचा हादरा एक नसतो. 19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाने साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत हाहाकार केला, कारण ते शहर जुन्या तळ्याच्या मऊ चिखलावर वसले आहे. चिखलाने ठरावीक लयीचा हादरा कित्येक पटींनी वाढवला आणि त्याच लयीत डोलणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती पडल्या.

बेंगळुरू हे तळ्यांचे शहर. त्यांतली अनेक तळी गेल्या शतकात भरून टाकली गेली आणि त्यांवर बस स्थानक, क्रीडांगणे, वसाहती उभ्या राहिल्या. बेळ्ळंदूरचे तळे टिकले. सुमारे 900 एकरांचे हे शहरातले सर्वांत मोठे तळे. फेसामुळे आणि पाण्यावर लागलेल्या आगींमुळे देशभर गाजले. त्याच्या काठी आणि त्याला पाणी आणणाऱ्या ओढ्यांच्या बाजूला गाळाची आणि भरावाची जमीन आहे.

भारतीय विज्ञान संस्थेतल्या टी. जी. सीताराम आणि पी. अन्बळगन यांनी 2000 च्या दशकाच्या मध्यात बेंगळुरूचे सूक्ष्म विभाजन केले, म्हणजे शहरातल्या शहरात कुठे हादरा किती वाढेल याचा नकाशा काढला. शेकडो विंधनविवरांची माहिती आणि पन्नासहून अधिक जागी मोजलेला लहरींचा वेग यांवर हे काम उभे आहे. खडकावरचे कमाल त्वरण त्यांनी गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे 15 टक्के काढले. 2002 च्या संहितेत दुसऱ्या विभागाला दिलेला गुणांक 0.10, म्हणजे 10 टक्के. आणि आरेखनात त्याचाही निम्मा भाग धरायचा. शिवाय मातीमुळे होणारी वाढ निराळी.

इथली माती मेक्सिकोसारखी खोल नाही. काही मीटरांवर किंवा फार तर काही दशक मीटरांवर खडक लागतो. त्यामुळे ती जलद लयीचा हादरा वाढवते. इमारतीची लय साधारण मजल्यांच्या संख्येवरून ठरते: जितके मजले कमी तितकी लय जलद. म्हणजे इथल्या मातीचा त्रास पंचवीस मजली मनोऱ्यापेक्षा तीन ते पाच मजली इमारतींना अधिक संभवतो. आणि बेळ्ळंदूरच्या गल्ल्या नेमक्या त्याच इमारतींनी भरल्या आहेत.

त्या अभ्यासाची व्याप्ती तेव्हाच्या महानगरपालिकेची सुमारे 220 चौरस किलोमीटरची हद्द एवढी होती. 2007 साली हद्द तिपटीहून अधिक वाढली आणि बेळ्ळंदूरसारखी गावे शहरात आली. सर्वांत वेगाने बांधकाम झाले ते या नव्या पट्ट्यात.

घर कसे पडते

किल्लारीतले घर आठवून पाहावे. दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड दगडी भिंत. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मधे चिपा व मातीचा भराव. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. वर लाकडी खणांवर टेकलेले माळवद, आणि गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे चढवलेली माती. हे घर उन्हाळ्यात गार राहते आणि पिढ्यान् पिढ्या टिकते. हादरा आला तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, दगड आत ओघळले आणि छताचे ओझे खाली आले. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि माणसे गेली ती भिंतींखाली. त्याच गावांतल्या गरिबांच्या कुडाच्या आणि पत्र्याच्या झोपड्या तगल्या. पुनर्वसनात दगडी घरांना आरपार दगड आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा द्यायला गवंड्यांना शिकवले गेले. उपाय स्वस्त होता आणि तो आधीपासून माहीत होता.

आता बेळ्ळंदूरच्या गल्लीतली इमारत. तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, म्हणजे नुसते खांब. पहिल्या मजल्यापासून इमारत रस्त्याच्या बाजूला दोन-तीन फूट पुढे आलेली. वर चार-पाच मजले, छोट्या छोट्या खोल्यांचे, विटांच्या भिंतींनी गच्च भरलेले. खांब नऊ इंची, भिंतीत लपून जावेत म्हणून. गच्चीवर पाण्याच्या टाक्या. हादऱ्यात वरचे मजले विटांच्या भिंतींमुळे एकसंध ठोकळ्यासारखे हलतात आणि सगळे वाकणे तळमजल्याच्या मोजक्या खांबांच्या वाट्याला येते. त्या खांबांतल्या उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा दूर दूर असतील, त्यांची टोके आत न वळवता काटकोनातच सोडलेली असतील, तर रिंगा उघडतात, काँक्रीट सुटते आणि खांब बसतो.

26 जानेवारी 2001 रोजी अहमदाबादेत हेच झाले. भूजचा भूकंप 7.7 महत्तेचा, पण त्याचे केंद्र अहमदाबादपासून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर होते. तरी शहरात सुमारे 70 बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे मेली. पडलेल्यांत मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींचा भरणा होता. अहमदाबाद तेव्हाही तिसऱ्या विभागात होते. नियम होते, ते पाळले गेले नव्हते. 2002 च्या संहितेने अशा तळमजल्याचे खांब अडीच पट बलासाठी आरेखित करावेत अशी तरतूद आणली.

दुसऱ्या विभागातल्या शहरांची अडचण यापुढची आहे. रिंगा किती जवळ असाव्यात, टोके कशी वळवावीत, तुळई-खांबाचा सांधा कसा बांधावा, हे सांगणारी संहिता म्हणजे आयएस 13920. ती तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या विभागांत बंधनकारक केली गेली आणि दुसऱ्यात ऐच्छिक राहिली. विभागाचा आकडा थेट सळईच्या वळणापर्यंत पोचतो तो असा. ज्या अर्थी धोका कमी म्हटला, त्या अर्थी इमारत तन्य, म्हणजे न तुटता वाकणारी, करण्याची सक्ती उरली नाही. आणि इमारत तन्य नसली की अनपेक्षित हादऱ्यात ती वाकून तग धरत नाही, एकदम बसते.

भूकंपावाचूनही इमारती पडतात हे आपण पाहिले आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या कसवनहळ्ळीत बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून मजूर मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर 2024 मध्ये शहरातल्याच बाबूसापाळ्य येथे अशीच इमारत पावसात कोसळली. स्वतःच्या वजनालाही न टिकणारे बांधकाम ज्या शहरात होऊ शकते, तिथे ‘दुसरा विभाग’ हे आश्वासन अपुरे आहे.

मोजदाद कुणाची झाली

प्रादेशिक जोखीम काढताना सर्वांत दुबळी कडी असते ती घरांच्या यादीची. आपल्याकडे या दिशेने मोठे काम झाले ते भारताच्या असुरक्षितता अ‍ॅटलासचे. रुरकीचे भूकंप अभियंता ए. एस. आर्य यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाच्या मार्गदर्शनाने ते 1997 साली निघाले. पुढे 2006 आणि 2019 मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या. जिल्हावार किती घरे मातीच्या भिंतींची, किती दगडाची, किती पक्क्या विटांची, आणि भूकंप, वादळ, पूर यांत त्यांची जोखीम किती, हे त्यात कोष्टकांत मांडले आहे. मराठवाड्यातल्या दगड-मातीच्या घरांची मोजदाद या कोष्टकांत नीट होते.

शहर मात्र त्यातून निसटते. कोष्टके जनगणनेवर उभी आहेत, आणि जनगणना भिंत कशाची व छत कशाचे एवढे विचारते. मजले किती, तळमजला मोकळा आहे का, बांधकाम कोणत्या वर्षीचे, आरेखन अभियंत्याने केले का, यातले काहीच तिच्यातून कळत नाही. बेळ्ळंदूरची ती पीजी इमारत आणि काळजीपूर्वक बांधलेला दोन मजली बंगला एकाच रकान्यात पडतात. त्यात शेवटची पूर्ण झालेली जनगणना 2011 सालची, म्हणजे बेळ्ळंदूरचा मोठा भाग उभा राहण्यापूर्वीची.

खरे तर माहितीचे तुकडे सरकारदरबारीच पडलेले आहेत. बेंगळुरूच्या मालमत्ता कराच्या स्वयंघोषणेत मजला, क्षेत्रफळ आणि इमारतीचे वय येते. ई-खात्याच्या मोहिमेत मिळकतींच्या नोंदी संगणकावर गेल्या आहेत. उपग्रहचित्रांतून इमारतीचा माथा दिसतो आणि रस्त्यावरून काढलेल्या छायाचित्रांतून मोकळा तळमजला दिसतो. हे तुकडे एकत्र सांधले, तर वॉर्डावार इमारतींची यादी करायला नव्या जनगणनेची वाट पाहावी लागणार नाही. भूकंपमापन यंत्रांचे जाळे सांभाळणारे कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र याच शहरात आहे, भारतीय विज्ञान संस्था इथे आहे, आणि आकडे सांधण्यात जगभर नाव काढलेल्या कंपन्या बेळ्ळंदूरच्या बाह्यवळण रस्त्यावर आहेत.

हानीचे अंदाज आणि त्यांची मर्यादा

धोका, मातीची वाढ आणि घरांची यादी हाती आली की हानीचे प्रतिरूप मांडता येते. अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेने 1997 साली हॅझस ही प्रणाली काढली. तिच्यात प्रत्येक प्रकारच्या इमारतीसाठी अमुक हादऱ्याला किती नुकसान, याचे वक्र आहेत. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची पेजर ही यंत्रणा भूकंपानंतर अर्ध्या तासाच्या आत जगातल्या कुठल्याही भागातल्या संभाव्य मृत्यूंचा आणि नुकसानीचा अंदाज देते. तो आकडा एक नसून पट्टा असतो: शंभर ते हजार, हजार ते दहा हजार, अशा शक्यता. हा प्रामाणिकपणा महत्त्वाचा आहे, कारण परदेशी लाकडी घरांचे वक्र आपल्या माळवदाला किंवा तीस बाय चाळीसच्या प्लॉटवरच्या इमारतीला लावले, तर उत्तर आकड्यांत येईल पण खरे नसेल. आपल्या इमारतींचे वक्र आपल्याच पडझडीच्या नोंदींतून यायला हवेत. किल्लारी आणि भूजनंतर गावोगाव झालेली पाहणी या दृष्टीने सोन्याच्या मोलाची आहे.

बेंगळुरूने समोर ठेवावे असे उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचे आहे. 28 डिसेंबर 1989 रोजी तिथे 5.6 महत्तेचा भूकंप झाला. खंडाच्या स्थिर भागातले, धोका कमी मानलेले शहर. नदीच्या गाळावरचा भाग. विटांची जुनी बांधकामे. 13 माणसे गेली आणि नुकसान अब्जावधी डॉलरांचे झाले. आपल्या पठारावर अशा महत्तेचे भूकंप दुर्मीळ नाहीत: 1967 चा ओंगोल, 1969 चा भद्राचलम, 1997 चा जबलपूर हे साडेपाच-सहाच्या आसपासचेच होते. यातला एखादा बेंगळुरूजवळ झाला तर काय, हाच या शहराच्या हानीच्या हिशेबाचा योग्य प्रश्न आहे. आठ महत्तेच्या भूकंपाची कल्पना करण्याची गरज नाही.

आर्थिक हानीची एक बाजू घरापुरती आहे. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने ठरवून दिलेली भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि तिच्यात भूकंपाचे संरक्षण आहे. विमा घर वाचवत नाही, पण घर गेल्यावर कर्ज तरी एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

निष्कर्ष

या साऱ्या आढाव्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या पठारावर धोक्याचा आकडा हाच हिशेबातला सर्वांत अनिश्चित भाग आहे आणि तो बदलणे कुणाच्याच हाती नाही. कोयनेला तो चुकला, किल्लारीला चुकला, आणि पुढेही कुठेतरी चुकेल. इमारती मात्र मोजता येतात, तपासता येतात, बळकट करता येतात. आपण नेमके उलटे केले: अनिश्चित आकड्यावर विसंबलो आणि मोजता येणारी गोष्ट मोजली नाही.

म्हणून तीन कामे तातडीची आहेत. आयएस 13920 मधली तन्य बांधणी दुसऱ्या विभागातही बहुमजली निवासी इमारतींना सक्तीची व्हावी. रिंगा जवळ बांधण्याचा जादा खर्च एकूण खर्चात किरकोळ असतो. सूक्ष्म विभाजनाचा नकाशा शहराच्या आजच्या हद्दीपर्यंत, तळ्याकाठच्या प्रत्येक वस्तीपर्यंत वाढवावा आणि बांधकाम परवान्याशी जोडावा. आणि वॉर्डावार इमारतींची यादी करून मोकळ्या तळमजल्याच्या इमारती आधी तपासाव्यात. असे खांब जाड करणे, त्यांच्यामध्ये काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घालणे ही कामे माणसे वर राहत असतानाही करता येतात.

वाचकाने स्वतःपुरते करायचे तेही फार अवघड नाही. बेळ्ळंदूर असो, पुण्याचे बाणेर असो की लातूरचा नवा भाग, तुमच्या इमारतीचा तळमजला मोकळा असेल तर रहिवासी संघाच्या पुढच्या बैठकीत संरचनात्मक तपासणीचा विषय मांडा. बांधकाम व्यावसायिकाकडे संरचनेचे नकाशे मागा, आरेखन करणाऱ्या अभियंत्याचे नाव विचारा, आणि तपासणी स्वतंत्र अभियंत्याकडून करून घ्या. मुलगा किंवा मुलगी पीजीत राहत असेल तर खोली पाहायला जाल तेव्हा खाली उभे राहून खांबही पाहा. कोणत्या विभागात राहता हे विचारण्याआधी कोणत्या इमारतीत राहता हे विचारा.